चार किलोमीटरच्या आतला फ्रिज

थायलंडच्या निवडणुकीत मला मत नाही, पण तिचे खांब मात्र माझ्याच वाट्याला येतात. बँकॉकच्या हुआय ख्वांग भागातला आमचा फुटपाथ मुळात दीड माणसाचा. त्यात विजेचे खांब, त्यांवरून लोंबणाऱ्या केबलींच्या जटा, कुणाच्या तरी कुंड्या आणि उलट्या दिशेने येणारे मोटारसायकलवाले. निवडणूक लागली की प्रत्येक खांबाला एकेक हसरा पुढारी चौकटीसकट बांधतात. चौकटीचं टोक बरोबर आपल्या नडगीच्या उंचीवर. भाजी आणायला निघालो की मी पोट आत ओढून, आडवा होऊन लोकशाहीतून वाट काढतो.

थाई वाचायला मी या पोस्टरांवरच शिकलो. त्यामुळे औषधाच्या दुकानात मला पोटदुखीची गोळी अजून धड मागता येत नाही, पण शेतकऱ्यांची कर्जं तीन वर्षांसाठी स्थगित करता येतात. मे 2023च्या निवडणुकीत तर वाचनाचा भरपूर सराव झाला. गरिबांच्या सरकारी कार्डावर तेव्हा महिन्याला दोन-तीनशे बाट मिळायचे. प्रवित वोंगसुवान यांच्या पक्षाने ते 700 करतो म्हटलं. प्रयुत चान-ओचांच्या पक्षाने लगेच 1000. दोघेही निवृत्त जनरल, जुने सहकारी. पण लिलावात कोण कोणाचा? म्हाताऱ्यांचं पेन्शन 3000 करायला तर तीन-चार पक्ष तयार होते. भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत माझं म्हातारपण सुखाचं झालेलं असायचं.

आणि मग फेउ थाई पक्षाने घोषणा केली: सोळा वर्षांवरच्या प्रत्येक थाई माणसाला 10,000 बाट. म्हणजे आपले तेव्हाचे तेवीस-चोवीस हजार रुपये. पैसे मोबाइलमधल्या डिजिटल पाकिटात येणार, ते सहा महिन्यांत संपवायचे आणि घरापासून चार किलोमीटरच्या आत खर्च करायचे.

इथून माझे हाल सुरू झाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पांची सोम तामची गाडी आहे. पा म्हणजे मावशी. कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, वाळकी कोळंबी हे सगळं लाकडी मुसळाने खलात कुटत त्या दिवसभर राजकारण बोलतात. 10,000चा आकडा ऐकला आणि पांनी गाडीच्या मागे फ्रिज कुठे बसेल ती जागा पायाने आखून ठेवली. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली लुंग म्हणजे काका म्हणते, त्यांना मोटारसायकलचं इंजिन उघडायचं होतं. बाजारात तुरी अजून आल्या नव्हत्या, पण मारामारी जोरात सुरू झाली. आणि पंच म्हणून नेमणूक माझी, कारण मी ‘कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो’.

पहिली अडचण चार किलोमीटरची. ते मोजायचे दाखल्यावरच्या घरापासून. पांचं नाव ज्या घराच्या दाखल्यावर आहे ते घर उदोन थानीजवळच्या खेड्यात. बँकॉकपासून साडेपाचशे किलोमीटर. इथल्या निम्म्या फेरीवाल्यांची, टॅक्सीवाल्यांची, कामवाल्यांची हीच गत. माणूस बँकॉकला, दाखला इसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडात. मी मोबाइलवर नकाशा उघडला, पांनी त्यावर माशाच्या सॉसच्या बाटलीचं बूच टेकवलं आणि बोटाने वर्तुळ काढलं. वर्तुळात एक वात (म्हणजे बौद्ध मंदिर), एक शाळा, वहिनीचं किराणा दुकान आणि बाकी सगळा भात. “वहिनीकडून दहा हजारांचं मीठ आणू का?” पा म्हणाल्या.

दुसरी अडचण ब्लॉकचेनची. पाकीट ब्लॉकचेनवर चालणार, असं जाहीर झालं होतं. ते काय असतं हे मी पांना माझ्या तुटक्या थाईत सांगितलं: हिशेबाची वही सगळ्यांकडे असते, कुणा एकाला खाडाखोड करता येत नाही. “म्हणजे आमची भिशी,” पा म्हणाल्या. “पण भिशीत पैसे आधी आपण घालतो. इथे कोण घालणार?” हाच प्रश्न पुढे देशातल्या भल्या भल्या अर्थतज्ज्ञांनी विचारला, पण त्यांना त्यासाठी सेमिनार घ्यावे लागले.

तसं पाहिलं तर खर्चाचा आकडा लपलेला नव्हता. इथल्या कायद्यानुसार पक्षांना आश्वासनाची किंमत आणि पैसा कुठून आणणार हे निवडणूक आयोगाला लिहून द्यावं लागतं. मला हा कायदा फार आवडतो. फेउ थाईने 56,000 कोटी बाट असं लिहूनही दिलं, आणि ते कर्ज न काढता, अर्थसंकल्पातूनच काटकसरीने जमवू म्हणून सांगितलं. सरकार आल्यावर नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान सेथ्था थाविसिन यांनी 50,000 कोटींचं कर्ज काढायची योजना मांडली. काटकसर माझ्याही घरात अशीच होते, त्यामुळे मी त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पुढे अटी आल्या. महिना 70,000च्या वर कमाई नको, बँकेत पाच लाखांच्या वर ठेव नको. त्या दिवशी पा गरिबीत पास झाल्या म्हणून आम्हाला फुकट चिकट भात मिळाला. चार किलोमीटरचा तालुका झाला, तालुकाही उदोनचाच. पैसे द्यायचा कबूल केलेला फेब्रुवारी 2024 गेला, मग मे गेला. मग जुलैमध्ये यादी आली, काय घेता येणार नाही याची: दारू, सिगारेट, पेट्रोल, सोनं, लॉटरी, मोबाइल आणि विजेची उपकरणं. फ्रिज विजेवर चालतो, ही गोष्ट पांना सांगायची जबाबदारी अर्थातच कॉम्प्युटरवर बसणाऱ्यावर पडली. त्यांनी मुसळ थांबवलं. गल्लीत तो आवाज थांबला की लोक खिडकीतून बघतात.

तरीही ऑगस्टमध्ये नोंदणी उघडली तेव्हा पा मोबाइल घेऊन हजर. चेहरा दाखवा, डोळे मिचकवा, मान डावीकडे. मिरचीच्या धुराने पांच्या डोळ्यांना धार, त्यामुळे मिचकावणं थांबेचना आणि फोनला वाटत होतं ही बाई आपल्याला चकवतेय. शेवटी लुंगनी पुठ्ठ्याने वारा घातला, मी फोन धरला आणि पा सरकारदरबारी रुजू झाल्या. दोन आठवड्यांच्या आत घटना न्यायालयाने सेथ्थांनाच पदावरून काढलं. “माझा चेहरा घेतला आणि त्याचा गेला,” पा म्हणाल्या.

एवढं होऊनही विश्वास बसतो कसा, असं मी एकदा विचारलं. पांनी खणातून बामची रिकामी डबी काढून माझ्यासमोर उघडली. आत पित्ताशयाचे खडे, लसणाच्या पाकळीएवढे. फेउ थाई ज्यांचा पक्ष मानला जातो ते ताक्सिन शिनावात्रा 2001मध्ये म्हणाले होते, 30 बाटांत कुठलाही आजार बरा करू. हेच ताक्सिन 1995मध्ये उपपंतप्रधान असताना बँकॉकचा ट्रॅफिक सहा महिन्यांत सोडवतो म्हणाले होते, आणि तो ट्रॅफिक आजही मला ऑफिसला पोचू देत नाही. त्यामुळे 30 बाटांवर शहाण्या माणसाने विश्वास ठेवायचं कारणच नव्हतं. पण ती योजना आली, आणि आजही आहे. पांचे खडे 30 बाटांत निघाले.

सगळी आश्वासनं खोटी निघाली असती तर माणूस निवांत असता. खांब चुकवावा, बाजारात जावं. पण मधूनच एखादं खरं होतं आणि घात करतं. ताक्सिन यांच्या बहीण यिंगलक यांनी 2011मध्ये रोज 300 बाट किमान मजुरी देऊ म्हटलं. 2013च्या एक जानेवारीपासून देशभर मिळाली. त्यांनीच भाताला टनामागे 15,000 बाट कबूल केले होते, बाजारभावाच्या कितीतरी वर. तेही सुरुवातीला मिळाले. मग सरकारी गोदामं भरली, तांदूळ जगात कुणी त्या भावाने घेईना, 2012मध्ये निर्यातीतला पहिला नंबर आपल्या भारताने नेला (हे मी पांना कधी सांगितलेलं नाही), आणि 2014च्या सुरुवातीला शेतकरी पावत्या घेऊन रस्त्यावर बसले. त्यात पांचा भाऊ होता. म्हणजे एकाच घरात एका डबीत खडे आणि एका डबीत पावत्या. आता यावरून काय मत बनवायचं ते तुम्हीच सांगा.

सप्टेंबर 2024मध्ये नव्या पंतप्रधान पेतोंगतार्न (ताक्सिन यांच्या कन्या; इथे पंतप्रधानपद घराच्या दाखल्यावरच असावं) यांनी 10,000 खरोखर वाटले. रोख, ब्लॉकचेनबिकचेन काही नाही, फ्रिज घ्या नाहीतर इंजिन उघडा. पण फक्त गरिबांचं कार्ड असलेल्यांना आणि दिव्यांगांना. 2022मध्ये कार्डाची नोंदणी चालू होती तेव्हा पा ताठ मानेने म्हणाल्या होत्या, “माझी गाडी आहे, मी कशाला गरीब?” जानेवारीत दुसरा हप्ता आला, साठीच्या पुढच्यांना. पा एकोणसाठच्या. लुंग एकसष्टचे, पण त्यांची नोंदणी करायचं मुळात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांच्या पैशाने इंजिन उघडलं असतं. तिसरा हप्ता सोळा ते वीस वयाच्यांना, म्हणजे नातवाला, मिळणार होता. मे 2025मध्ये सरकारने तो थांबवला आणि पैसे दुसरीकडे वळवले.

याच दरम्यान सांगलीहून मावशीचा फोन. आमचे पंधराशेचे एकवीसशे होणार आहेत म्हणे, तुमच्याकडे काय? मी पांना ती बातमी दिली. पांनी पपई सोलता सोलता एवढंच विचारलं, “किती किलोमीटरच्या आत?”

फ्रिज पांनी शेवटी हप्त्यावर घेतला. त्यानंतर पेतोंगतार्न गेल्या, अनुतिन चार्नविराकुल आले, आणि ऑक्टोबर 2025च्या अखेरीस ‘अर्धं-अर्धं’ योजना पुन्हा सुरू झाली: गिऱ्हाइकाने निम्मे द्यायचे, निम्मे सरकार देणार, दिवसाला 200 बाटांपर्यंत. फेरीवाल्यांची चंगळ. पांच्या गाडीपुढे रांग. माझ्या पुढच्याने फोन दाखवून 60च्या सोम तामचे 30 दिले, त्याच्या पुढचीनेही 30. माझा नंबर आला.

“पा, मलाही 30. इतकी वर्षं इथे कर भरतोय मी.”

“मत देतोस?”

“नाही.”

“मग 60.”