बैलाचे दात आणि तिकिटाचे दाते

बैलबाजारात जनावराचा जबडा उघडून दात मोजण्यात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या खपल्या असल्यामुळे, जुन्या टपाल तिकिटांचा व्यापारीसुद्धा आधी दातेच मोजतो हे ऐकून मला हायसे वाटले होते. धंदा आपलाच आहे, फक्त जनावर लहान आहे, अशी मनाची समजूत घालून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने, तिकिटांची वही पिशवीत घालून नागपूर गाठले.

आजोबांच्या पेटीतल्या पाकिटांवरची ही तिकिटे मी शाळेत असताना पाण्यात भिजवून सोडवली होती आणि कणकेच्या खळीने दुरेघी वहीत चिकटवली होती. त्यांत मानाचे होते ते 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेले गांधीजींचे तिकीट. चार तिकिटांच्या त्या संचात दहा रुपयांचे तिकीट सर्वांत मोलाचे. आमच्याकडे होते दीड आण्याचे, कारण आजोबांना दहा रुपयांचे तिकीट लावून पत्र पाठवण्याची ऐपत असलेला नातेवाईक आमच्या गोतावळ्यात नव्हता.

व्यापाऱ्याने दोन सेंटिमीटरांत किती दाते बसतात ते पट्टीवर मोजले, ते तिकीट चिमट्याने अलगद उचकटले आणि पालथे केले.

“काकाजी, मागचा डिंक कुठे गेला?”

“पाकिटाला लागला.”

“आणि हे काय आहे?”

“कणीक.”

तिकिटाने नेमून दिलेले काम इमानाने केले, हाच त्याचा दोष ठरला. कधीच नांगराला न जुंपलेल्या बैलाला चढा भाव देणारा बाजार मी प्रथमच पाहत होतो. त्यातच आमच्या त्या वेळच्या पोस्टमास्तरांनी शिक्का असा दणकून मारलेला होता की, गांधीजींचा चष्मा तेवढा ओळखू येत होता.

माझी दुसरी मदार 1971 च्या शरणार्थी मदतीच्या 5 पैशांच्या तिकिटांवर होती. ती माझ्याकडे त्र्याण्णव होती. त्या काळी बहुतेक टपालावर हे जादा तिकीट सक्तीने लावावे लागे, त्यामुळे ते घरोघरी पडून आहे, असे सांगत व्यापाऱ्याने ती पाने न थांबता उलटली. अखेर संपूर्ण वहीचे त्याने दोनशे रुपये सांगितले.

विकणाऱ्याच्या हातातला म्हातारा बैल दुपारनंतर दलालाच्या दावणीला तरणा होतो, हे मला पाठ होते. तरीही काचेखालच्या तशाच दीड आण्याच्या गांधीजींचा भाव विचारण्याचा मोह मला आवरला नाही.

“ते दुर्मिळ आहे, काकाजी. शिक्का बघा, कसा कोपऱ्यात पडला आहे!”

वही मी दिली नाही. मात्र तासभर त्याचा पंखा आणि दोन कप चहा फुकट घेतल्याची लाज वाटून, निघताना एक चिमटा विकत घेतला. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी “किती आले?” असे विचारले, तेव्हा मी तो पुढे केला. तिकिटांना त्याचा स्पर्श अजून झालेला नाही, पण तळपायात मोडलेला बाभळीचा काटा काढायला तो अर्धे गाव मागून नेते.