शत्रू एकेकटाच का येतो?

कुंगफूचे जुने सिनेमे एकट्याने बघायची सोय आमच्या घरात नाही. टीव्ही एक, दिवाणखाना एक, आणि रविवारी जेवणं झाली की सगळे तिथेच लवंडतात. बायको बँकेत ऑडिटला आहे, मुलगा बारावीत आहे, आई ऐंशीला टेकली आहे. पडद्यावरच्या हीरोचं नशीब थोर. त्याच्यावर शत्रू एकेक करून चालून येतात. माझ्यावर हे तिघंही एकदम येतात.

पहिला वार बायकोचा. हीरो मधोमध उभा, भोवती दहा गुंड, त्यातला एक पुढे येऊन मार खातो आणि बाकीचे नऊ जागच्या जागी पाय नाचवत उभे. "हे काय रांगेत उभे आहेत का? टोकन घेतलंय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. हल्लीच्या सिनेमात एक ठोसा तीन तुकड्यांत मारतात: आधी मूठ, मग चेहरा, मग फुटलेली काच. त्यात हीरोला खरोखर काही येतं की नाही, हे कळायला मार्गच नसतो. हाँगकाँगचे ते दिग्दर्शक कॅमेरा लांब ठेवायचे. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि कात्री न लागता बराच वेळ दिसत राहतो. येत असेल तरच उभा राहील, नाहीतर तिथेच उघडा पडेल. आता दहाही जण एकदम अंगावर आले, तर विरार लोकलमध्ये चढतानाचा देखावा होईल. तिथे कोणाची लाथ कोणाला बसली हे कोणाला दिसतं?

"दिसत नाही, पण बसते ना?" बायको म्हणाली. "मग त्या गुंडांना त्याला हरवायचंय, की फक्त नीट दिसायचंय?"

ऑडिटच्या शेऱ्याला लेखी उत्तर द्यायला मुदत मिळते. मला ती मिळाली नाही.

तेवढ्यात मुलाने मोबाइलवरून मान वर केली. "बाबा, ओठ आणि आवाज जुळत नाहीयेत. प्रिंट गंडलीये."

मला जोर चढला. अरे, हे सिनेमे काढणाऱ्या शॉ ब्रदर्स कंपनीचा हाँगकाँगमध्ये क्लिअरवॉटर बे इथे केवढा मोठा स्टुडिओ होता! तिथे शूटिंग बहुतेक आवाजाविनाच व्हायचं. आवाज मागाहून भरायचे, तेही मँडरिनमध्ये. हाँगकाँगचं रोजचं बोलणं कँटोनीज. त्यामुळे नटाचा आवाज पुष्कळदा नटाचा नसायचाच. चिनी प्रेक्षकांनासुद्धा ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असाच सिनेमा मिळायचा.

"म्हणजे ओरिजिनलच गंडलंय," तो म्हणाला आणि मोबाइलमध्ये परत गेला.

आवाजाचं दुखणं आईलाही आहे. या सिनेमांत हात नुसता हवेत फिरला तरी सूंऽऽ असा आवाज येतो. तिची वामकुक्षी मोडते. "कुकर लावलाय का रे परत?"

ब्रूस लीची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्यावर आमच्याकडे कोणी शेरा मारत नाही, कारण तोंड उघडेपर्यंत त्याची मारामारी संपलेली असते. २० जुलै १९७३ला तो गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्याचा सर्वांत गाजलेला सिनेमा अजून थेटरात लागायचा होता. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये त्याचं उघड्या अंगाचं पोस्टर गणपतीच्या तसबिरीशेजारी होतं. दाढी करून घेणाऱ्याने त्या छातीकडे बघायचं आणि आपलं पोट आत ओढायचं, असा रिवाज.

पण माझा जीव खरा अडकलाय तो 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये. १९७८चा सिनेमा, दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग, टक्कल केलेला हीरो गॉर्डन लियू. हा पोरगा चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मांचू अधिकाऱ्यांच्या जुलमातून पळून शाओलिन मठात येतो, आणि मग पुष्कळ वेळ सिनेमात मारामारी जवळजवळ नाहीच. नुसती मेहनत! जेवणघरात जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देत जायचं. हा पुन्हापुन्हा पाण्यात. मग दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या. दंडांना सुऱ्या बांधलेल्या. हात जरा खाली आला की सुरी बरगडीत. मनगटात बळ यावं म्हणून लांब दांड्याच्या जड हातोड्याने घंटा बडवायची. डोक्याने वाळूच्या पिशव्यांना धडका द्यायच्या. माझ्या मते पडद्यावर कष्ट इतके सुंदर क्वचितच दिसलेत. शेवटच्या लढाईत त्याचा हात नुसता वर जातो आणि आपल्याला आठवतं, हा हात कुठून आलाय.

बादल्यांच्या प्रसंगाला आई उठून बसली. चष्मा लावला. नीट निरखून म्हणाली, "यात काय मोठंसं? आमच्या सासूबाईंनी मला वेगळं काय करायला लावलं? विहीर खाली, घर वर. सुऱ्या तेवढ्या बांधल्या नव्हत्या."

बायको एकाग्रतेने पडद्याकडे बघत राहिली. इतकं मन लावून तिने एकही कुंगफूचा सिनेमा पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून आई माझ्या बाजूला आली. तिला गाण्यातली घराणी कळतात, म्हणून मी लाउ कार-ल्युंगचं घराणं सांगितलं. तो शिकला वडिलांकडे, वडील शिकले लाम साई-विंगकडे आणि लाम साई-विंग वाँग फेई-हुंगकडे. हा वाँग खराखुरा माणूस, ग्वांगडाँगमधल्या फोशानचा, वैद्यकी करायचा आणि कुंगफू शिकवायचा. १९४९पासून क्वान ताक-हिंग नावाच्या नटाने पडद्यावर त्याची भूमिका इतक्यांदा केली की लोकांना खरा वाँग तोच वाटू लागला. धीरगंभीर, सभ्य, भारदस्त. आणि १९७८च्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकी चॅन जो उनाड, खादाड, बापाचं नाव घालवणारा पोरगा झालाय, तोही वाँग फेई-हुंगच!

"एवढ्या मोठ्या माणसाची अशी थट्टा?" आईने विचारलं, पण हसत होती. त्यातला दारुडा गुरू झालाय युएन सिउ-तिएन, वय साठीच्या पुढे. दिग्दर्शक युएन वू-पिंग हा त्याचा सख्खा मुलगा. म्हणजे मुलगा बापाला सांगणार, बाबा, आता या अंगावर पडा, परत एकदा पडा. हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी मोबाइल चक्क बाजूला ठेवला. ही व्यवस्था त्यांना फार आवडलेली दिसली.

जॅकी चॅनच्याच 'प्रोजेक्ट ए'ने तर मुलाची बोलतीच बंद केली. जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून सुटतो, खालच्या कापडी छतांतून फाडत थेट जमिनीवर येतो, आणि पडणं खरं असल्याची खात्री पटावी म्हणून की काय, सिनेमात ते लागोपाठ दोनदा दाखवलंय. "ग्राफिक्स?" त्याने विचारलं. १९८३, मी म्हणालो. शेवटी नावं येताना चुकलेले, लागलेले, कळवळलेले प्रसंग दाखवतात. तेव्हा आईने सुनेला सांगितलं, "हळद-दूध कर गं." कोणासाठी ते बोलली नाही.

राहिली बायको. ती अजून पूर्ण वळलेली नाही. तिचा आक्षेप आता वेगळाच आहे: प्रत्येक सिनेमात खाणावळ फुटते. टेबलं, बाकं, जिन्याचा कठडा, वरच्या मजल्यावरून कोणीतरी हमखास खालच्या जेवणाऱ्यांच्या ताटात. बदला पूर्ण होतो, गुरूचा आत्मा शांत होतो, आणि मालकाला कोणी विचारतही नाही. गेल्या रविवारी ती जुनी डायरी घेऊनच बसली. मारामारी संपल्यावर बेरीज केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही वसुली खलनायकाकडून होणार नाही, तो मेला. मठाकडे काही स्थावर आहे का?"

"मठाला नोटीस लावायची नाही," आईने बजावलं. "तिथे पोरं शिकतायत."