'दुप्पट करा, तीस मिळवा' हा हिशेब तापाला लावू नका

"सेल्सिअसची दुप्पट करून तीस मिळवा, झालं फॅरेनहाइट. उलट हवं तर तीस वजा करून निम्मं करा." हा मेसेज आठवडाभर आमच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो नागपूरच्या महाल भागातल्या आत्याकडे पोचला. नातवाच्या काखेतल्या थर्मामीटरने 104 दाखवलं. तिने तीस वजा केले, निम्मं केलं आणि मला फोनवर म्हणाली, "अरे, सदतीसच तं आहे. नॉर्मल!"

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू, पोरगं दुपारभर उन्हात खेळलेलं, आणि ताप 40 सेल्सिअस! आधी त्याला डॉक्टरकडे पाठवलं, मग हे लिहायला बसलो.

पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसचे 100 अंश होतात, फॅरेनहाइटचे 32 ते 212, म्हणजे 180. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरेनहाइटचे 1.8, दोन नव्हे. 104 मधून 32 काढा, उरले 72. पाचाने गुणा, 360. नवाने भागा, 40. मेसेजच्या हिशेबाने 102 चा ताप 36 होतो, 103 चा साडेछत्तीस. फणफणलेलं लेकरू कागदावर ठणठणीत! आणि उलट बाजूने धडधाकट माणसाचे 37 अंश थेट 104 होतात.

हो, 10 सेल्सिअसला हा हिशेब तंतोतंत 50 देतो. डिसेंबरातल्या पहाटेपुरता चालेल. तापाला नाही.

त्याच मेसेजमध्ये आणखी आहे: 46 अंशांचं नागपूर 23 अंशांच्या गावाच्या दुप्पट गरम. कसं काय? सेल्सिअसचं शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, तो पाण्याचा गोठणबिंदू. पट काढायची तर केल्विनमध्ये, म्हणजे खऱ्याखुऱ्या शून्यापासून मोजणाऱ्या मापात काढा: 319 आणि 296. फरक जेमतेम आठ टक्के.

शिवाय म्हणे, पृथ्वी 2 सेल्सिअसने तापली म्हणजे 35.6 फॅरेनहाइटने तापली. वाढ मोजताना 32 मिळवायचेच नसतात, ती वाढ 3.6 ची. आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाच्या एसआय (आंतरराष्ट्रीय एकक पद्धती) पुस्तिकेतही तापमान आणि तापमानातला फरक वेगवेगळे मांडले आहेत. केल्विनचा आणि सेल्सिअसचा एक अंश फरकात सारखाच, शून्य मात्र 273.15 ने सरकलेलं. सेंटीग्रेड हे सेल्सिअसचंच जुनं नाव, 1948 मध्ये बदललेलं.

आत्याच्या थर्मामीटरच्या डबीवर आज पेनाने लिहून आलो: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हे चार आकडेही त्याच ग्रुपांवर टाका.