रस्ता फ्लॅटच आहे म्हणे

पुण्यात सायकलवाल्यांच्या ग्रुपात शिरलं की एक मेसेज ठरलेला असतो, संडेला इझी राइड, खडकवासल्यावरून पुढे पानशेत, रस्ता फ्लॅटच आहे, नवीन लोकांनी बिनधास्त यावं. मला आधी कळायचंच नाही की चांगली शिकलेली, पोराबाळांची माणसं पहाटे पहाटे एवढं धडधडीत खोटं कशी काय बोलू शकतात. मग कळलं की ती खोटं बोलत नाहीत, ती फोनवर नकाशा बघतात. नकाशात निळं तळं, त्याच्या कडेकडेनं बारीक पांढरी रेघ. पाणी लेव्हलला असतं हे तर चौथीतलं पोरगंही सांगेल, मग पाण्याच्या कडेचा रस्ता वर कशाला जाईल, विषय संपला.

घरी सांगितलं पानशेतला चाललोय तर सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि १२ जुलै १९६१ सुरू केला. पुण्यात ठरावीक वयाच्या माणसासमोर पानशेत म्हणायचं नसतं. धरण कसं फुटलं, मग खालचं खडकवासलाही कसं गेलं, पेठांमध्ये पाणी कुठपर्यंत चढलं, कोण कुठल्या गच्चीवर बसलं, हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण सायकलवर का? एसटी जाते की." ह्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

तर निघालो. सिंहगड रोड पहाटे रिकामा असतो ह्या एकाच गोष्टीसाठी पहाटे उठण्यात अर्थ आहे, नाहीतर धायरी फाट्यालाच निम्मा जीव जातो. किरकटवाडी गेली, धरण आलं, भिंतीजवळ सगळ्यांनी फोटो काढले. हे धरण मूळचं १८७९ चं, एकसष्टला फुटूनही परत उभं राहिलेलं, म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त दम आहे हे उघडच आहे. कांदाभजीवाले अजून उठलेले नव्हते. आमच्यात एक टूरिंगवाले काका होते, त्यांच्या सायकलला मागे दोन्ही बाजूंनी पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या, पुढे हँडलला बॅग, स्टोव्ह, पातेलं, पावसाचं जाकीट, संध्याकाळी चारला घरी परत यायचं असताना हा सगळा संसार. पुढेमागे ताम्हिणी उतरून कोकणात जायचंय, त्याची प्रॅक्टिस म्हणे. ताम्हिणी उतरायचं मलाही पटतं. मुळशी धरणाचं पाणीसुद्धा मुळेतून पुण्याकडे सरळ येण्यापेक्षा बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं आणि तिथून कुंडलिकेतनं थेट अरबी समुद्रात, उतार कुणाला नको असतो.

डोणज्याला फाटा लागतो. काहीजण तिथून सिंहगडाकडे वळले. त्यांना बघून आम्ही हळहळलो, बिचारे, घाट चढणार. खरं तर त्यांचा सौदा स्वच्छ होता, समोर गड दिसतोय, चढ आहे हे माहितीये, चढायचं, वर दही खायचं, ब्रेक दाबत खाली यायचं. आमचं काय तर गोऱ्हे गेलं की एक उतार, अरे वा म्हणेपर्यंत मोरी, आणि मोरीच्या पलीकडे लगेच चढ. परत उतार, परत मोरी, परत चढ. खानापूर येईपर्यंत सिंहगडवाल्यांबद्दलची हळहळ पूर्ण संपली होती, आता थोडी असूया होती.

दम लागला की माणूस एकतर शिव्या देतो किंवा विचार करतो, आणि शिव्यांना लागणारा श्वास माझ्याकडे नव्हता म्हणून मी विचार केला. हाताची बोटं पसरून पाण्यात ठेवावी तशा ह्या डोंगरांच्या सोंडा तळ्यात उतरल्यात. दोन सोंडांच्या मध्ये ओढा. धरण व्हायच्या आधी सपाट जागा कुठे होती? खाली, नदीच्या काठाला, भातखाचरं होती तिथं. म्हणजे सपाट जेवढं होतं तेवढं सगळं पाण्याखाली गेलं आणि रस्ता बांधणाऱ्याच्या हाताला लागली ती फक्त डोंगराची कड. आता त्यानं प्रत्येक सोंडेवर चढायचं, प्रत्येक ओढ्यात उतरायचं, दुसरं काय करणार तो बिचारा. एकही चढ मोठा नाही, त्यामुळे तक्रार करायलाही लाज वाटते, आणि एकही उतार एवढा लांब नाही की पुढचा चढ फुकटात निघेल. घाटाला निदान माथा असतो हो, तिथं टपरी असते, माणूस पोचतो. इथं पोचणं नावाची भानगडच नाही.

ह्या शोधाच्या आनंदात मी सगळ्यात हलक्या गिअरवर आलो, म्हणजे पाय मिक्सरच्या स्पीडनं फिरतायत आणि सायकल जागच्या जागी. तेवढ्यात शेजारी एक आजी आली, डोक्यावर सरपणाची मोळी, पायात स्लिपर. चालत. माझ्या बरोबरीनं.

"सायकल मोडली का रं?"

"नाही आजी, चालवतोय."

तिनं चाकाकडे नीट बघून खात्री करून घेतली. मग गप्पा मारायला लागली, म्हणजे ती मारत होती, मी हं हं करत होतो आणि तेही एक आड एक वाक्याला. तिचं माहेर मोसे खोऱ्यातलं, वरसगाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. "तवा रस्ता खालनं व्हता, नदीच्या कडंकडंनं," आजी म्हणाली, "येकदम सपाट. बैल सुदिक दमत नव्हता." मग माझ्या घामाकडे बघून, "तुमास्नी पानी मिळावं म्हून घातलाय ह्यो चढ, चढा आता." आणि मोळी सावरत पायवाटेनं वर निघून गेली, माझ्यापेक्षा स्पष्ट जास्त वेगानं.

ह्याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सकाळी निघताना बाटल्या नळावरच भरल्या होत्या.

पानशेतला मिसळ खाल्ली, चांगली होती का माहीत नाही, त्यावेळी वहीचं कव्हरही चांगलं लागलं असतं. तिथं ॲडमिननं नवीन टूम काढली, आल्या रस्त्यानं नको, पलीकडच्या तीरानं जाऊ, मांडवी, कुडजे करत एनडीएच्या बाजूनं निघू, तळ्याला प्रदक्षिणा होईल, आणि तो रस्ता तर, तुम्हाला माहितीच आहे, कसा आहे. सोंडा दोन्ही तीरांना असतात एवढं मला आता कळत होतं. मी गुडघा धरला. माझ्यामागोमाग आणखी दोघांचे गुडघे दुखायला लागले आणि पॅनिअरवाले काका तर आधीच एका टेम्पोवाल्याशी भाव करत होते, स्टोव्हसकट.

आता मी घरी शांतपणे सांगितलंय की पुण्यात खरोखर सपाट असं एकच आहे, ते म्हणजे कालवा. खडकवासल्यातून उजवा कालवा निघतो तो पर्वतीच्या पायथ्यानं, हडपसर करत पार इंदापूरकडे जातो, आणि पाणी पंपाशिवाय वाहवायचं म्हणजे इंजिनिअरला उतार अगदी नावापुरताच ठेवावा लागतो, तिथं सोंडबिंड काही चालत नाही, डोंगर आडवा आला तर वळसा घालायचा नाहीतर पोखरायचं. ते पाणी त्याच धरणातलं आणि कडेची पायवाटही त्याच पाण्याच्या लेव्हलनं चालणारी, मला अजून काय पाहिजे. संध्याकाळी तिथं सायकल काढतो. कडेनं धुणी वाळत असतात, म्हशी असतात, कचरा आहे, वास आहे, डासांचे तर ढग आहेत. पण डास तोंडात जाऊ नयेत म्हणून तोंड मिटून सायकल चालवतो, आणि ती चैन पानशेत रोडवर एकदाही परवडली नव्हती.