कपॅसिटर बदलण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गिटार अँपच्या आवाजावरचा माझा लेख तुम्हाला पाल्हाळ वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हम (अँपमधून सतत येणारा घुमल्यासारखा आवाज) आला की फिल्टर कपॅसिटर, म्हणजे अँपच्या सप्लायमधली वीज सपाट करणारे कपॅसिटर, बदलायचे, तरी नाही गेला तर दोन पिनचा प्लग लावायचा, नॉब फिरवत ऐकत बसणं हा नवशिक्यांचा उद्योग.

नॉब फिरवायला पैसे पडत नाहीत आणि निम्मा तपास तिथेच होतो. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही हम तसाच राहिला, तर तो व्हॉल्यूमच्या पुढे शिरतोय: फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणारा टप्पा), पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व्ह), सप्लाय. गेला तर पहिली ट्यूब, इनपुट जॅक, केबल किंवा खुद्द गिटार. मग केबल उपसा. आवाज थांबला? अँप उघडायचं कारणच उरलं नाही. सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा कंप टिपणारी एकच कॉइल असलेली) गिटार हातात धरून जागच्या जागी वळा. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या घरांत तर पुष्कळदा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरच नडतो. पंखा मधल्या स्पीडवर असला की चरचर, फुल केला की गप्प. त्यासाठी कुठला कपॅसिटर बदलणार?

दोन पिनच्या प्लगबद्दल मात्र भीड ठेवत नाही. हा सल्ला कुणीही ऐकू नये. अर्थिंग काढल्यावर हम जातो, कारण अर्थ लूप (दोन उपकरणं अर्थिंग आणि केबल अशा दोन्ही वाटांनी जोडली गेल्याने झालेलं वेटोळं) तुटतो; पण संरक्षणही त्याच्याबरोबर जातं. गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलच्या शील्डमार्फत थेट अँपच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की विजेचा करंट तुमच्या बोटांपर्यंत येतो, आणि ओठ माइकला टेकलेले असतात. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीला भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, शॉक बसून मरण पावला. लूप तोडायचाच तर सिग्नलच्या बाजूने तोडा: ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला देताना मधे लावायची डबी) वापरा. त्याआधी अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावून बघा, बरेचदा तेवढ्यानेही भागतं. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. वायरमनला बोलावून ते आधी बघून घ्या.

आता कपॅसिटर. फिल्टरचे कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक जातीचे, आणि ते वयानुसार वाळतात, यात वाद नाही. पण आधी हमचा स्वर ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फुल वेव्ह रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी केल्यावर उरणारा) रिपल, म्हणजे चढउतार, १०० हर्ट्झचा. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवा. हम त्याच्याहून किंचित चढा लागला तर सप्लायवर संशय घ्या. एक सप्तक खाली घुमत असेल तर हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) वायरिंग, ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेली वायर किंवा अर्थ लूप बघा. तिथे नवे कपॅसिटर घालून काडीचा फरक पडणार नाही. आणि ‘बदला’ असं सरसकट लिहिताना हेही लिहायला हवं होतं, की प्लग काढल्यावरही त्यांच्यात ३००-४०० व्होल्ट साठून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा.

शिवाय १०० हर्ट्झ म्हणजे कपॅसिटरच, असंही नाही. पुश-पुल अँपमध्ये (जिथे पॉवर ट्यूब जोडीने, आळीपाळीने काम करतात) रिपल दोन्ही पॉवर ट्यूबना सारखाच पोचतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्पर खोडला जातो. जोडीतली एक ट्यूब थकली की ही खोडाखोड बिघडते. माझ्याकडे आलेल्या एका अँपमध्ये आधीच्या कारागिराने सगळे कपॅसिटर नवे घातले होते, सोल्डरिंगही देखणं. हम होता तसाच. पॉवर ट्यूबची जुळलेली जोडी घातल्यावर गेला.

तुमच्याही अँपमध्ये कपॅसिटर बदलून ‘थोडा’ हम उरलाय, असं तुम्हीच लिहिलंय. व्हॉल्यूम शून्यावर तो राहतो का, आणि जीच्या जवळ लागतो की खालच्या सप्तकात, एवढं कळवा. ट्यूब कोणत्या आहेत तेही लिहा.