फक्त 6,000 किलोमीटरची निंजा

पक्याला कावासाकीची निंजा 650 बाइक घ्यायचीय. सेकंडहँड, 2019ची, दिल्ली पासिंग, इथे पुण्यातल्याच एका एजंटाकडे उभी. मीटरवर फक्त 6,000 किलोमीटर. फोटो कट्ट्यावर फिरले आणि चहा जागेवर थांबला.

"नवीकोरी वाटते राव!" सच्या.

"तोच तर घोळ आहे," बापू म्हणाला. गॅरेजवाला माणूस, फोटोवर भाळत नाही. "टायरवर चार आकडे असतात ते बघ. 1219 असेल तर टायर 2019च्या बाराव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसेल, पण रबर दगड झालेलं असणार. पुढचा 120 मिलिमीटर रुंद, मागचा 160, दोन्ही रेडियल. जोडीचा भाव काढ आणि आधी किमतीतून वजा कर. कूलंट, ब्रेक ऑइलही जुनंच असेल. उभी गाडी काय कमी खर्चाची असते होय?"

"पण दिल्लीची म्हणून स्वस्त पडतेय."

"दिल्ली आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत, आणून इथे नंबर घेताना टॅक्स कोण भरणार? 299 सीसीच्या वर 12 टक्के दर आहे. गाडीचं वय बघून कमी होतो, माफ होत नाही."

सच्याचा तोडगा तयारच होता: दिल्लीचाच नंबर ठेवायचा, वर्षभर कोण विचारतंय! हा स्वतः ॲक्टिव्हा चालवतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

माझं मत वेगळं. पुण्यातलीच, 25,000 चाललेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली गाडी बघावी. त्यावर सच्या उसळला, "म्हणजे ताम्हिणीत पिळून काढलेली!" मुद्दा बरोबर होता. पण बापूने तोही उडवला. "दोन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, वेळेवर ऑइल मिळालं तर कुरकुर करत नाही. पडलीय का ते बघ. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि खाली टॉर्च मारायची. हँडल अडवणारा फ्रेमवरचा खुंट असतो, तो स्टॉपर. त्याला ठोकर दिसली की उठायचं. फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक, नवी बसवतात रे, फ्रेम कोण बदलतंय? पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे फोर्कच्या, नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय. आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लाव. हात लावून बघ, आधीच गरम असेल तर त्याने काहीतरी लपवलंय."

पक्याने तिथूनच एजंटाला मेसेज टाकला: उद्या सकाळी येतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

उत्तर आलं: आज टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

"घेऊ दे त्याला," बापू म्हणाला.