बोट रोखण्यामागची गोष्ट

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेत गॅदरिंगची तालीम पाहत बसलो होतो. तिच्या गटाने ‘लॉकिंग’ बसवले होते. हात झपाट्याने फिरवायचे, मध्येच कुलूप घातल्यासारखे गच्च थांबवायचे आणि समोर बोट रोखायचे. बोट कशासाठी, असे मी शिकवणाऱ्या मुलाला विचारले. ‘स्टेपच तशी आहे, काका,’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानेही ती मोबाइलवर पाहूनच उचलली होती, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पण त्या बोटाला जन्मकथा आहे. १९७०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ट्रेड टेक्निकल कॉलेजात डॉन कॅम्पबेल हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मित्रांकडून तेव्हाचे लोकप्रिय नाच शिकत होता. ते त्याला नीट जमत नव्हते, मध्येच तो अडखळून थांबे आणि भोवतालची मुले हसत. हसणाऱ्यांकडे त्याने बोट रोखले. पुढे ते अडखळणेच ‘लॉकिंग’ या नव्या नाचाचे वैशिष्ट्य ठरले आणि बोट त्याचा कायमचा भाग झाले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे रस्त्यावरचे आणि क्लबांतले नाच चित्रपटांतून जपावेत आणि शाळांतील कार्यशाळांतून पुढच्या पिढीला द्यावेत, या विचाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आग्रह एवढाच, की या दोन गोष्टींची फारकत होऊ नये आणि कार्यशाळेत उभा राहणारा माणूस शक्यतो त्या परंपरेतलाच असावा.

चित्रफीत काय करू शकते आणि कुठे तोकडी पडते, हे लिंडी हॉपच्या इतिहासात स्वच्छ दिसते. जोडीने नाचायचा हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूम या नृत्यगृहाच्या फरशीवर वाढला. ‘हेल्झापॉपिन’ या १९४१च्या चित्रपटात फ्रँकी मॅनिंग आणि त्यांचे साथीदार तो नाचतात. अंगावर स्वयंपाकी, मोलकरीण, कामगार यांचे कपडे, आणि पायांचा वेग असा की डोळा मागे पडावा. तेव्हा हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीयांचे नाच बहुधा कथेपासून सुटे ठेवत, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांतल्या चित्रपटगृहांना ते सहज कापता येत. त्यांना सेवकांचे कपडे देणाऱ्या त्याच उद्योगाने ही काही मिनिटे जपली, हे मला नेहमी बोचते. लिंडी हॉपची लाट ओसरल्यावर मॅनिंग यांनी तीसेक वर्षे टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात स्वीडनमधील आणि कॅलिफोर्नियातील तरुण नर्तक जुन्या चित्रफिती पाहून हा नाच शिकू पाहत होते. त्यांचे तेवढ्यावर भागले नाही, म्हणून ते मूळ नर्तकांच्या शोधात न्यूयॉर्कपर्यंत आले. मॅनिंग पुन्हा शिकवू लागले आणि २००९मध्ये वारले तोवर जगभर शिकवत राहिले. पडद्यावर पावले दिसतात. जोडीदाराच्या हाताला दिलेली किंचित ओढ मात्र हात हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

शाळेत आणल्याने असे नाच मरतात, ही तक्रारही मी ऐकली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. हे नाच मुळात रिंगण करून नाचले जातात. मध्ये एक जण, भोवती बाकीचे, आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर. वर्गात मुले आरशाकडे तोंड करून ओळीत उभी राहतात आणि ‘पाच-सहा-सात-आठ’वर एकसारखी हलतात. म्हणून फिलाडेल्फियाच्या रेनी हॅरिस यांचा मार्ग मला पटतो. हा स्वतः रस्त्यावरच्या नाचात वाढलेला माणूस; त्यांनी १९९२मध्ये आपली नृत्यसंस्था काढली, आणि प्रयोगांइतकेच शिकवण्यालाही महत्त्व दिले. त्यांच्या महोत्सवात या नाचांचे आद्य नर्तक स्वतः येऊन शिकवत आले आहेत. त्यांना त्याचे मानधन मिळायलाच हवे, कारण टीव्हीवरच्या ज्या ‘सोल ट्रेन’ कार्यक्रमाने लॉकिंग अमेरिकेच्या घराघरात पोचवले, त्यात नाचणाऱ्या पोरांना पैसे मिळत नसत.

कॅम्पबेल २०२० साली गेले. त्यांची गोष्ट मी भाचीला घरी येताना रिक्षात सांगितली. गॅदरिंगच्या दिवशी तिची बोट रोखण्याची वेळ आली, तेव्हा मागच्या रांगेतली मुले खिदळत होती. तिने प्रेक्षकांच्या मधोमध नाही, बरोबर त्यांच्याकडेच बोट रोखले.